पॅथफाइंडर: वीसांपैकी कोणता देव जाणार? गोलॅरियनमध्ये येऊ घातलेल्या बदलांवर चर्चा

तांबडाफासा (धागाकर्ता), फेब्रुवारी २०२४

पॅथफाइंडर हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायचा खेळ. तो खेळणारे इथे मोजकेच आहेत, पण जे आहेत ते जीव लावून खेळतात. म्हणून हा धागा.

पॅथफाइंडर काढणाऱ्या पायझोने जाहीर केलं आहे की यंदा येणाऱ्या ‘वॉर ऑफ इम्मॉर्टल्स’ या पुस्तकात गोलॅरियनच्या मुख्य वीस देवांपैकी एक मरणार. कोण, ते गुलदस्त्यात आहे. परदेशी मंडळी रोज नवा तर्क लढवतायत. आपणही लढवूया, पण जरा बूड टेकून.

नव्या लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. गोलॅरियन ही पॅथफाइंडरची दुनिया. २००७ मध्ये साहसकथांच्या मासिक मालिकेतून ती सुरू झाली, २००९ मध्ये तिचे स्वतःचे नियम आले आणि २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती. या दुनियेचं कॅलेंडर आपल्याबरोबर चालतं. आपलं २०२४ म्हणजे तिथलं ४७२४. म्हणजे जे काही घडणार आहे ते शंभर वर्षं पुढे उडी मारून घडणार नाही. ज्या वर्षात आपल्या पात्रांच्या पार्ट्या आज सराईत बसून पुढचा बेत आखतायत, त्याच वर्षात घडणार. मला या बातमीत सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच.

देव मरणं गोलॅरियनला नवीन नाही. उलट ही दुनिया उभीच एका देवाच्या मृत्यूवर आहे. अरोडेन हा मानवांचा देव. ४६०६ साली तो पृथ्वीतलावर परत येईल, चेलियाक्समधून नवं सुवर्णयुग सुरू करेल असं भविष्य होतं. त्या वर्षी तो आला नाही, मेला. त्याच्या पुजाऱ्यांची शक्ती एका झटक्यात गेली. आबेंडेगोचं न थांबणारं चक्रीवादळ उठलं आणि लिरगेन आणि यमासा हे दोन देश पाण्याखाली गेले. उत्तरेला सारकोरिसमध्ये जमीन फाटून दैत्यांची वर्ल्डवूंड उघडली. चेलियाक्समध्ये यादवी माजली आणि शेवटी नरकाशी करार केलेल्या थ्रून घराण्याने गादी बळकावली. त्या दिवसापासून भविष्यवाणी खरी होणंच थांबलं. या युगाचं नावच ‘हरवलेल्या शकुनांचं युग’ असं पडलं. अरोडेन कसा मेला हे निर्मात्यांनी आजवर सांगितलेलं नाही, सांगणारही नाहीत असं ते म्हणतात.

आता यातून मी काय घेतो ते सांगतो. अरोडेन मेला ही ओळ आपण कुणी खेळलो नाही. आपण खेळलो ते वादळ, ती दैत्यांची भेग, ते चेलियाक्स. देवाचा मृत्यू खेळाच्या टेबलावर पोचतो तो असा, लोकांच्या पायाखालची जमीन सरकल्यावर. म्हणून ‘कोणता देव कमी लोकप्रिय आहे’ हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. विचारायचं ते हे: हा देव गेला तर उद्या सकाळी एखाद्या साध्या माणसाच्या आयुष्यातून काय जाईल? ज्याच्या जाण्याने काहीच जात नाही, त्याला मारून पुस्तकाची पानं भरतील, खेळ भरणार नाही.

या कसोटीवर मला सगळ्यात धास्ती वाटते ती दोघांची. एक एरास्टिल. शेती, शिकार, कुटुंब, गावची पेठ सांभाळणारा म्हातारा तिरंदाज. कोणाच्याही कॅम्पेनमधलं (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेतलं) पहिलं गाव घ्या, तिथे त्याचं देऊळ असतंच. तो गेला तर हजार गावं एका रात्रीत पोरकी होतील. कथाकाराला याचा मोह पडू शकतो.

दुसरा इरोरी. याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. इरोरी हा वुद्राचा, म्हणजे गोलॅरियनमध्ये भारतीय उपखंडावरून बेतलेल्या देशाचा. माणसाला देव करणाऱ्या स्टारस्टोन दगडाची परीक्षा न देता, कोणाचा वर न घेता, शरीर आणि मन यांच्या साधनेवर देवत्वाला पोचलेला माणूस. मुख्य वीसांमध्ये वुद्राचा तो एकटाच. त्याला मारलं तर त्या वीसांत आपल्यासारख्यांच्या ओळखीचं वाटावं असं काही उरतच नाही. २०२१ मध्ये म्वांगी प्रदेशावर पुस्तक आलं, २०२२ मध्ये ‘इम्पॉसिबल लँड्स’मधून वुद्राच्या लोकांच्या जालमेरे बेटाला चांगली जागा मिळाली, यंदा तियान शिया खंडावर येतंय. वुद्राची पाळी जवळ आली असताना त्याचा देव काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तुमचे तर्क सांगा. फक्त ‘अमुक मरावा’ एवढंच नको, का ते लिहा.

करवंद

वाचतेय. मी खऱ्या फाशांनी अजून एकदाही खेळलेले नाही, कॉम्प्युटरवरचे किंगमेकर आणि राथ ऑफ द राइटियस हे दोन्ही खेळ मात्र पूर्ण केलेत. त्यामुळे प्रश्न भाबडा वाटला तर सांभाळून घ्या: देव मेला की त्याच्या क्लेरिकचं, म्हणजे पुजारी पात्राचं, नेमकं काय होतं? नियम काय म्हणतात? आणि मुख्य वीस कोणते, एकदा यादी मिळेल का?

शिलालेख

@करवंद, यादी अशी: अबादार, अस्मोडियस, कॅलिस्ट्रिया, केडन केलियन, देस्ना, एरास्टिल, गोरम, गोझ्रेह, आयोमेडी, इरोरी, लमाश्तू, नेथिस, नॉर्गॉर्बर, फरास्मा, रोवागुग, सरेनराय, शेलिन, टोराग, उर्गाथोआ, झॉन-कुथॉन.

क्लेरिकची सगळी ताकद देवाकडून येते, त्यामुळे देव गेला की ती जाते. दुसऱ्या देवाचा हात धरेपर्यंत त्याच्याकडे चिलखत, हत्यार आणि स्वतःचं डोकं एवढंच उरतं. अरोडेनच्या पुजाऱ्यांचं हेच झालं होतं. आणि नियम वाचायला पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर सगळे नियम फुकट आहेत, तेही पायझोच्या संमतीने. भारतात पुस्तकं मागवण्याचा खर्च पाहता हा फार मोठा आधार आहे.

धाग्याबद्दल: कसोटी आवडली. माझी त्यात एक भर. मृत्यू कथा संपवणारा आहे की सुरू करणारा, हेही पाहा. झॉन-कुथॉनचं उदाहरण घ्या. तो शेलिनचा सावत्र भाऊ. पूर्वी दोउ-ब्राल नावाचा कलेचा देव होता, दुनियेपलीकडच्या अंधारात गेला आणि यातनांचा देव होऊन परतला. शेलिन अजूनही त्याची वाट पाहते. झॉन-कुथॉन मेला तर ही वाट पाहणं संपलं, आणि त्याबरोबर गोलॅरियनची सगळ्यात हळवी गोष्टही. तो मरणार नाही असं मी ठामपणे म्हणेन. लमाश्तूचंही तसंच. तिने देस्नाचा गुरू कुर्कानस याला मारून त्याचं राज्य घेतलं, तेव्हापासून देस्ना तिच्या मागावर आहे. हा हिशेब पुस्तकाच्या पानात परस्पर चुकता होणं म्हणजे खेळाडूंच्या तोंडचा घास काढणं.

वेताळटेकडी

माझा घोडा अस्मोडियसवर. कारण कथेतलं नाही, बाहेरचं आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, ज्याच्या जुन्या नियमांवर पॅथफाइंडर उभा राहिला) खुल्या परवान्यावरून जो गदारोळ झाला त्यानंतर पायझोने ठरवलं की जुन्या परवान्यातून आलेलं सगळं काढून टाकायचं. नोव्हेंबरमध्ये सुधारित नियमपुस्तकं आली. त्यात पात्रांच्या स्वभावाचे चांगला-वाईट, नियमबद्ध-स्वैर असे नऊ कप्पे गेले. रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले. ड्राव (जमिनीखाली राहणारे एल्फ) तर असे गेले की जणू कधी नव्हतेच, जमिनीखालच्या त्यांच्या नगरांच्या जागी आता सर्पमानवांची गोष्ट आहे. डी अँड डीमध्येही नरकाचा राजा अस्मोडियसच आहे. मग तो कसा राहील?

शिलालेख

@वेताळटेकडी, नाव सारखं असलं तरी ते कोणा कंपनीच्या मालकीचं नाही. अस्मोडियस प्राचीन ज्यू धर्मग्रंथांतून आलेला आहे, लमाश्तू मेसोपोटेमियातून. ड्राव ज्या रूपात आपण ओळखतो ते एका खेळातून आले, म्हणून त्यांना जावं लागलं. हा फरक मोठा आहे.

शिवाय कथेत पाहा. विध्वंसाच्या रोवागुगला सरेनरायने आणि इतर देवांनी मिळून पृथ्वीच्या पोटात कोंडलं, त्या तुरुंगाची किल्ली अस्मोडियसकडे आहे. चेलियाक्सचं सगळं राज्य त्याच्या करारावर उभं आहे. त्याला काढला तर एक देश आणि एक तुरुंग दोन्ही एकदम उघडे पडतात. तो बदल एका पुस्तकात मावणारा नाही.

जुनाखेळिया

मी डी अँड डीच्या फरगॉटन रेल्म्स या दुनियेवर वाढलेला माणूस. तिकडे जे झालं ते इथे होऊ नये म्हणून लिहितो.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा रेल्म्समध्ये स्पेलप्लेग आणली. तिथल्या १३८५ साली सिरिक या देवाने मिस्ट्राला मारलं, शार या देवीची त्याला साथ होती. जादूची देवी मेली म्हणून जादूच पिसाटली. जमीन उलथली, देश गायब झाले, दुसऱ्या जगाचे तुकडे आमच्या नकाशात येऊन बसले. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुस्तकाने कॅलेंडर थेट १४७९ वर नेलं. जवळजवळ शंभर वर्षं पुढे. आमच्या टेबलावरची माणसं, त्यांनी वसवलेली गावं, त्यांची मुलंबाळं, सगळी एका प्रस्तावनेत मातीत गेली. कोणी मारलं नाही त्यांना. नुसती पानं उलटली.

मी ती आवृत्ती खेळलो नाही. माझ्या ओळखीतले बरेच जण खेळले नाहीत. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा मिस्ट्रासकट पुष्कळ काही परत आणलं, नकाशाही जुन्या वळणावर आणला. पण तुटलेलं सांधलं की सांधा दिसतोच.

तांबडाफासा म्हणतात ते कॅलेंडरचं म्हणूनच मला पटलं. देव मारा, हरकत नाही. आम्हाला त्या दिवशी तिथे असू द्या. आकाश लाल झालं तेव्हा माझा रेंजर कुठल्या घाटात होता हे मला सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं तर तो बदल माझा, नाहीतर तो लेखकाचा.

तांबडाफासा

@जुनाखेळिया, शेवटची दोन वाक्यं मी माझ्या ग्रुपमध्ये वाचून दाखवणार आहे.

नदीकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे एका दुकानात पॅथफाइंडर सोसायटीचे (सगळीकडे पायझोच्या एकाच नियमांनी चालणारे) खेळ चालतात, त्यात मी युद्धदेव गोरमचा वॉरप्रीस्ट, म्हणजे लढवय्या पुजारी, खेळतो. त्यामुळे माझ्या बोलण्यात आपुलकी असणार, ती धरून वाचा.

मला वाटतं गोरमच जाणार.

पहिलं कारण स्टारफाइंडर. २०१७ मध्ये आलेला हा अंतराळातला खेळ गोलॅरियनचं दूरचं भविष्य दाखवतो. तिथल्या मुख्य वीस देवांत फरास्मा, देस्ना, सरेनराय, आयोमेडी, अबादार, उर्गाथोआ, झॉन-कुथॉन आहेत. गोरम नाही. युद्धाची गादी तिथे डॅमोरिटॉशकडे आहे. ‘ते फक्त एक संभाव्य भविष्य’ असं निर्माते म्हणतात हे मला माहीत आहे, आणि इरोरी, एरास्टिल, टोराग हेही तिथल्या वीसांत नाहीत. तेव्हा हा पुरावा नव्हे, नुसता वास आहे.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. पुस्तकाचं नाव पाहा, अमरांचं युद्ध. युद्ध लावायचं असेल तर सगळ्यात आधी कोणाला बाजूला करावं लागेल? बहुतेक लोक गोरमला युद्धाचा भुकेला देव समजतात. तो भुकेला आहेच. वाटाघाटीने लढाई टाळणं त्याच्या भक्ताला निषिद्ध आहे. पण त्याच यादीतल्या दुसऱ्या ओळी कोणी वाचत नाही. शरण आलेल्याला मारायचं नाही. कैद्याला मारायचं नाही. कपटाने लढाई जिंकायची नाही. समोरासमोर, चिलखत घालून, बरोबरीने लढायचं.

बेल्कझेनमधले ऑर्क असोत की ब्रेव्हॉयचे शिपाई, एकमेकांचा देश, भाषा, रीत काही न कळणारी माणसं रणांगणावर भेटतात तेव्हा दोघांना माहीत असलेला एक कायदा तिथे असतो. हत्यार खाली टाकलं तर समोरचा गोरमवाला वार करणार नाही. धागाकर्त्यांची कसोटी लावा. गोरम गेला तर साध्या माणसाचं काय जातं? हरलेल्या शिपायाचा जीव जातो.

करवंद

नदीकाठ, अंगावर काटा आला. किंगमेकरमधली अमिरी गोरमची भक्त आहे ना? राक्षसाची, तिच्या उंचीला न पेलणारी तलवार घेऊन फिरते ती. मी पूर्ण खेळ तिला बरोबर घेऊन खेळले. तिला टोळीच्या पुरुषांनी मरायला पाठवलं होतं, आणि ती ती तलवार घेऊन परत आली. तिच्यासाठी गोरम म्हणजे लढाईत तुझ्या ताकदीखेरीज तुला कोणी काही विचारणार नाही असं म्हणणारा एकमेव देव होता. तो गेला तर अमिरीसारख्यांनी कोणाकडे पाहायचं?

वेताळटेकडी

वाचून मत बदलतंय. पण मग टोरागचं काय? ड्वार्फांचा अख्खा इतिहास त्याच्यावर उभा आहे. तो गेला तर एक पूर्ण जमात हादरेल, तुमच्या कसोटीत तोही बसतो.

तांबडाफासा

@वेताळटेकडी, बसतो, पण एका जमातीपुरता. माझ्या मते या पुस्तकाला असा मृत्यू हवा आहे ज्याचे पडसाद प्रत्येक देशात उमटतील, कारण ते नियमांचं पुस्तक आहे, एका प्रदेशाचं नाही. पौराणिक ताकदीचे नियम त्यात येतायत, दोन नवे क्लासही (पात्रांचे प्रकार). त्यातला एक्झेम्प्लर तर देवत्वाची ठिणगी अंगात बाळगणारा. ही ठिणगी सगळीकडे पसरायची तर मरणारा देवही सगळीकडचा हवा. युद्ध सगळीकडे आहे. नदीकाठ यांचं म्हणणं त्यामुळे मला आणखी पक्कं वाटायला लागलंय.

एरास्टिलही सगळीकडचा आहे हे खरं. पण गाव उद्ध्वस्त होण्याची गोष्ट आपण पहिल्या लेव्हलपासून खेळत आलोय.

शिलालेख

ताजी खबर. पायझोने ‘गॉड्सरेन’ची (देवाच्या पावसाची) भाकितं नावाची कथामालिका सुरू केली आहे. मृत्यूची देवी फरास्मा हिच्या दरबारातली यिवाली नावाची एक शिकाऊ अभ्यासक आहे, तिच्या हाती काही भाकितं लागतात. प्रत्येक भाकितात एकेका देवाचा मृत्यू वर्णन केलेला. आणि प्रत्येक कथेबरोबर पायझो सांगतंय की हा देव सुरक्षित आहे. फरास्मा सुटली.

यावर माझं एक निरीक्षण आहे, जरा सविस्तर लिहितो.

अरोडेन मेल्यापासून गोलॅरियनमध्ये भविष्य खरं होत नाही. हा या दुनियेचा सगळ्यात जुना आणि घट्ट पाळलेला नियम आहे. म्हणजे ज्या देवाच्या मरणाचं भाकीत लिहिलं गेलं तो त्या भाकिताप्रमाणे मरूच शकत नाही. भाकीत हेच त्याचं कवच. परदेशी चर्चांत लोक या कथांकडे नुसती लांबण म्हणून पाहतायत, मला त्या दुनियेच्या स्वभावाला धरून वाटतात. एकेक करून मृत्यू वाचायला मिळतील, त्यातले बरेचसे खोटे, आणि प्रत्येक खोट्या मृत्यूतून तो देव दुनियेत काय धरून होता ते कळेल. तांबडाफासा यांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलेला प्रश्न निर्मातेच एकेका देवाला लावून दाखवतायत.

आणि खरा मृत्यू येईल तो शकुनाशिवाय. अरोडेनचा तसाच आला होता. लोक स्वागताची तयारी करून बसले होते.

जुनाखेळिया

+१. रेल्म्सच्या वेळी असं काहीतरी केलं असतं तर निदान निरोप तरी घेता आला असता.

नदीकाठ, एप्रिल २०२४

गोरम.

आज जाहीर झालं. दुकानात गेलो तर माझ्या आधी चौघांनी येऊन मला सांगायची घाई केली होती. पुढच्या खेळात माझ्या वॉरप्रीस्टचं काय करायचं यावर आमच्या जीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) बोलणं सुरू आहे. सोसायटीच्या खेळात त्याला दुसरा देव घ्यावा लागेल. मला तो घाईने घ्यायचा नाही.

करवंद

वाईट वाटलं. खूप.

वेताळटेकडी

माझ्या कॅम्पेनमध्ये ब्रेव्हॉयच्या सीमेवर दोन सैन्यं समोरासमोर उभी आहेत. ही योगायोगाची गोष्ट आहे, पण आता मला मधल्या मध्ये सुचलेला प्रसंग काढून टाकून इथूनच सुरुवात करायची आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा: गोरमचा मृत्यू लोकांना दिसेल कसा?

शिलालेख

त्याच्याबद्दलची जुनी दंतकथा अशी की माणसं आणि ऑर्क यांच्यात जी पहिली लढाई झाली, तिच्या धुळीतून तो उभा राहिला. लोखंडी चिलखत, आत फक्त लाल डोळे. तो कुठून आला हे कोणालाच माहीत नव्हतं. आता तेच चिलखत फुटून त्याचे तुकडे आणि त्याचं रक्त गोलॅरियनवर पडणार, गॉड्सरेन म्हणजे तेच. जिथे तुकडा पडेल तिथे ताकद जागी होईल, आणि ज्याच्या हाती तो लागेल त्याला लढायची खुमखुमी येईल.

म्हणजे देव गेला, देवाची भूक उरली. शरणागताला जीवदान देणारा कायदा मात्र तुकड्यात नाही. तो देवाच्या शब्दात होता, शब्द देणाराच राहिला नाही.

तांबडाफासा

मला या सगळ्यात हेच सांगायचं होतं आणि शिलालेख यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. युद्धाचा देव मेला म्हणून युद्ध थांबत नाही. फक्त त्याला आजवर असलेली वेस नाहीशी होते. निर्मात्यांनी कमी लोकप्रिय देव सोयीने उडवला असं परदेशात काही जण म्हणतायत, मला ते अजिबात मान्य नाही. वीसांत दुसऱ्या कोणाच्या जाण्याने इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी इतका थेट धोका निर्माण झाला असता असं मला दिसत नाही.

वेताळटेकडी, तुमच्या सीमेवरच्या प्रसंगासाठी एक सुचवू का? पावसापासून सुरुवात करू नका. आधी एक छोटी चकमक होऊ द्या, त्यात शत्रूचे काही शिपाई गोरमचं नाव घेऊन हत्यार टाकतील आणि त्यांना रीतीप्रमाणे जीवदान मिळेल. खेळाडूंना ती रीत स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. मग पाऊस. मग दुसरी चकमक, आणि पुन्हा कोणीतरी हत्यार खाली टाकतो. तिथे थांबून खेळाडूंना विचारा, काय करता?

वेताळटेकडी

हेच करतो. आणि ज्यांनी जीवदान दिलेलं असेल त्यातलाच एक कप्तान दुसऱ्या वेळी हात उचलेल.

जुनाखेळिया

कप्तानाला नाव द्या, घर द्या, मागच्या सेशनमध्ये पार्टीबरोबर जेवू घाला. मग उचलू द्या हात.

शिलालेख, नोव्हेंबर २०२४

धागा वर काढतोय, कारण ‘वॉर ऑफ इम्मॉर्टल्स’ आणि देवांवरचं ‘डिव्हाइन मिस्टरीज’ ही दोन्ही पुस्तकं आली आहेत आणि गोरमच्या जागी वीसांत कोण आलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. अराझ्नी.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ती अरोडेनची दूत होती. टार-बाफोन या प्रेतमांत्रिकाविरुद्धच्या शायनिंग क्रूसेडच्या काळात ओझेमच्या सरदारांनी तिला मंत्रबळाने बोलावून बांधून घेतलं, टार-बाफोनने तिला मारलं. मेल्यावरही सुटका नाही. गेब नावाच्या मांत्रिक राजाने तिचा देह पळवला, तिला लिच (मंत्राने चालती ठेवलेली मृत व्यक्ती) करून उठवलं आणि राणी म्हणून शेजारी बसवलं. शतकानुशतकं. २०१९ च्या ‘टायरंट्स ग्रास्प’ या साहसमालिकेत ती त्यातून सुटली. आता ती स्वाभिमानाची, जगून वाचलेल्यांची, आणि मनाविरुद्ध मृतावस्थेत डांबलेल्यांची देवी आहे.

करवंद

मी मध्यंतरी खऱ्या टेबलावर खेळायला लागले! ऑनलाइन, पण माणसांबरोबर. माझं पहिलंच पात्र अराझ्नीची क्लेरिक आहे. अमिरीने कोणाकडे पाहायचं असं मी विचारलं होतं, त्याचं मला पटणारं उत्तर मिळालं. गोरम म्हणायचा ताकद दाखव. अराझ्नी म्हणते तुझ्यावर जे लादलं गेलं ते तुझं नाव नाही. टोळीने मरायला पाठवलेल्या मुलीला दुसरं वाक्य आधी ऐकायला मिळायला हवं होतं.

नदीकाठ

करवंद, पटलं, पण माझा वॉरप्रीस्ट तिच्याकडे गेला नाही. ती क्षमा न करणारी आहे, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. माझ्या माणसाला मात्र अजून शरण आलेल्याला सोडायचं आहे. त्याने क्षमा करणाऱ्या सरेनरायची दीक्षा घेतली. ग्रेटसोर्ड ठेवली आहे. सरेनरायचं हत्यार सिमिटार, त्यामुळे नियमाने मला तोटा होतो. तो मी सोसतोय, कारण ती तलवार काढली तर तो माणूसच राहणार नाही.

तांबडाफासा

नदीकाठ, घरगुती खेळात मी तुम्हाला ग्रेटसोर्डचा फायदा बिनदिक्कत दिला असता. सोसायटीत ते शक्य नाही हे समजतं.

पुढचं. इरोरी वाचला याचा मला किती आनंद झाला ते लिहीत बसत नाही. पण वुद्राचं पुस्तक अजून दृष्टिपथात नाही. तोवर हातात आहे ते जालमेरे, निस्वान शहर आणि तिथले हाउसेस ऑफ पर्फेक्शन, जिथे शिष्य कठोर परीक्षांतून आपली साधना सिद्ध करतात. माझा प्रश्न असा: गोरमचा एखादा तुकडा जालमेरेच्या किनाऱ्यावर पडला तर? ज्या मठांत संयम हीच ताकद मानतात, तिथे लढायची खुमखुमी चढवणारी वस्तू. इरोरीच्या शिष्याला संयम वारंवार गमावणं निषिद्ध आहे. तो तुकडा समुद्रात टाकायचा की त्याच्यासमोर बसून रोज स्वतःला तपासायचं, यावर दोन मठांत फूट पडेल असं मला वाटतं. पाचव्या ते आठव्या लेव्हलपर्यंतचं कॅम्पेन यातून उभं राहतं.

जुनाखेळिया

तिसरा पक्षही ठेवा. ज्यांना तो तुकडा विकून टाकायचा आहे. बंदर आहे ते, व्यापारी असणारच.

वेताळटेकडी

शनिवारी रात्री जागा असेल तर मी खेळायला तयार आहे. मंक आणतो.

करवंद

मीही. अराझ्नीची क्लेरिक चालेल का जालमेरेत? गेबचा देश तिथून फार लांब नाही, तिला तिथे यायला कारण आहे.

तांबडाफासा

चालेल. कारण आहेच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो दोघांना. नदीकाठ, तुमच्या घड्याळाने सकाळ पडेल, जमत असेल तर तुमचा माणूस ग्रेटसोर्डसकट आणा. इथे सोसायटीचे नियम नाहीत.